दाराशी येईल त्याला

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडे, ऐन वाळवंटात, कोचेला नावाचं एक लांबट खोरं आहे. वायव्येच्या टोकाला पाम स्प्रिंग्ज आणि रँचो मिराज. तिथे हिरवीगार गोल्फ मैदानं आहेत, कारंजी आहेत, थंडीत मुक्कामाला येणाऱ्या श्रीमंतांचे बंगले आहेत. विनोदी नट बॉब होप आणि गायक फ्रँक सिनात्रा यांच्या नावाचे रस्ते आहेत. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड निवृत्त झाल्यावर तिथेच राहायला आले. तिथून आग्नेयेकडे निघालं, की तासाभराच्या आत बंगले संपतात आणि शेतं लागतात. खजुराच्या उंच बागा, द्राक्षांचे मांडव, ढोबळी मिरची, लिंबू. अमेरिकेत पिकणाऱ्या खजुराचा मोठा वाटा याच खोऱ्यातला. गावांची नावं मेक्का, थर्मल, ओॲसिस, कोचेला. शेतात राबणारी माणसं बहुतांशी मेक्सिकोतून आलेली. त्यातल्या काहींना स्पॅनिशही शिकावी लागते, कारण घरात ती पुरेपेचा बोलतात. राहायला पत्र्याचे ट्रेलर. २०१९ साली ओॲसिसमधल्या अशाच एका ट्रेलर वस्तीच्या पाण्यात मर्यादेच्या जवळजवळ दहापट आर्सेनिक सापडलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर सहज जातो. जुलै २०२४ मध्ये पाम स्प्रिंग्जला तो ५१ अंश सेल्सिअसवर गेला होता.

खोऱ्याच्या श्रीमंत टोकाला आयझेनहॉवर रुग्णालय आहे. जमीन बॉब होपने दिली, १९७१ साली ते सुरू झालं. २००७ मध्ये त्याच्या आपत्कालीन विभागात एक पस्तिशीचा डॉक्टर रुजू झाला. राउल रुईझ. तो खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वाढलेला होता.

रुईझ यांचा जन्म १९७२ सालचा, मेक्सिकोतल्या साकातेकास राज्यातला. आई ते तान्हे असतानाच गेली. नात्यातल्याच एका दांपत्याने त्यांना दत्तक घेतलं आणि कोचेलाला आणलं. दोघंही शेतमजूर. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं जशी बिऱ्हाड घेऊन कारखान्यांच्या मुलखात उतरतात, तसे इथले मजूरही पिकामागून फिरतात; कोचेलातला हंगाम संपला की उत्तरेकडच्या मोठ्या शेतांवर. मुलांच्या शाळेचं काय होतं हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. राउलची शाळा मात्र टिकली. १९९० मध्ये कोचेला व्हॅली हायस्कूल पूर्ण करून त्यांना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला. पैसे नव्हते. तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने जे केलं, ती गोष्ट खोऱ्यात आजही सांगितली जाते. तो गावातल्या दुकानांत, कचेऱ्यांत, एकेका धंदेवाल्याकडे गेला. मी डॉक्टर होणार आहे आणि शिकून इथेच परत येणार आहे, तर तुमच्या गावासाठी माझ्यात पैसे गुंतवा, असं त्याचं म्हणणं. नुसतं तोंडी सांगितलं नाही, तसा करार लिहून समोर ठेवला. उन्हाळा संपेपर्यंत जवळपास २,००० डॉलर जमले.

राजकारणी माणसाच्या चरित्रात अशी गोष्ट असली की आपण सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. निवडणुकीच्या पत्रकावर छापायला ती फार सोयीची असते. पण या गोष्टीचं मोल पुढच्या सतरा वर्षांत आहे. १९९४ मध्ये पदवी. मग हार्वर्ड: २००१ मध्ये वैद्यकीय पदवी आणि त्याच वर्षी सार्वजनिक धोरणातली पदव्युत्तर पदवी, २००७ मध्ये सार्वजनिक आरोग्यातली. हार्वर्डच्या तीन पदव्युत्तर पदव्या मिळवणारे ते पहिले लॅटिनो मानले जातात. मधल्या काळात पिट्सबर्ग विद्यापीठात आपत्कालीन वैद्यकाचं निवासी प्रशिक्षण आणि पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातून आंतरराष्ट्रीय आपत्कालीन वैद्यकाची फेलोशिप. एवढं शिकलेल्या माणसाला बॉस्टनमध्ये राहणं अवघड नव्हतं. ते परत आले.

आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा फार जुनी नाही. अमेरिकेत या डॉक्टरांची संघटना १९६८ मध्ये झाली, पहिलं निवासी प्रशिक्षण १९७० मध्ये सिनसिनाटीला सुरू झालं आणि विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली १९७९ मध्ये. त्याआधी कॅज्युअल्टीत ज्याची पाळी असेल तो बसायचा. त्वचारोगाचा डॉक्टरही छातीत कळ आलेल्या माणसाला तपासायचा. आपल्याकडे तर या विषयातल्या एमडीला मान्यता मिळायला २००९ साल उजाडलं आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली २०१४ मध्ये. बाकीच्या शाखा अवयवांनुसार किंवा वयानुसार वाटलेल्या आहेत. ही शाखा वेळेनुसार ठरलेली आहे, आणि दारानुसार. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ते दार सक्तीने उघडं ठेवलं: आपत्कालीन विभागात जो येईल त्याला तपासायचं आणि जीव धोक्यात असेल तर स्थिर करायचं, पैसे, विमा, नागरिकत्व यांची विचारणा त्याच्या आड येता कामा नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये जवळपास हेच सांगितलं. अमेरिकेत मात्र या नियमाला एक मोठी मर्यादा आहे. दार उघडं आहे, पण आत जे झालं त्याचं बिल नंतर घरी येतंच. आणि रक्तदाबाची साधी गोळी मिळण्यासाठी असं कुठलंही दार उघडं नाही. त्यामुळे गोळीअभावी ज्याचा झटका टाळता आला नाही, तो माणूस झटका आल्यावर हक्काने आत येतो.

उन्हाचंच घ्या. शेतातून उष्माघाताचा रोगी येतो तेव्हा तो बहुधा बरळत असतो किंवा बेशुद्ध असतो. शरीराचं तापमान चाळीसच्या वर. अशा वेळी कपडे उतरवून त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवायचं किंवा ओलं करून पंख्याखाली धरायचं, झटके येत असतील तर ते थांबवायचे आणि गुदद्वारातून घातलेल्या तापमापकाकडे बघत राहायचं. तापावर देतात ती गोळी इथे कामाची नसते. आकडा ३९ च्या खाली आला की थांबायचं, नाहीतर रोगी उलट गार पडतो. मग रक्ताच्या चाचण्या: मूत्रपिंडं किती शेकली, स्नायू किती विरघळले. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात हे झालं तर माणूस वाचतो, बऱ्याचदा काही दिवसांत घरी जातो. घर म्हणजे तो ट्रेलर, आणि काम म्हणजे तेच शेत. सावली, पाणी आणि विश्रांती द्यायलाच हवी असा उघड्यावर काम करणाऱ्यांसाठीचा नियम अमेरिकेत सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने केला, तोही २००५ मध्ये, शेतात मजूर मेल्यानंतर. बर्फाच्या टबाशी उभा असलेला डॉक्टर आणि सावलीचा नियम लिहिणारा माणूस यांच्यात फार अंतर नाही. रुईझ यांच्या कारकिर्दीचा विचार करताना मला हेच पुन्हा पुन्हा जाणवतं.

ते परत आले तेव्हा त्यांनी खोऱ्याच्या पूर्व भागातले डॉक्टर मोजले. सर्वांत वंचित वस्त्यांमध्ये ९,००० माणसांमागे एक पूर्णवेळ डॉक्टर निघाला. अमेरिकी सरकारच्या निकषानुसार साडेतीन हजारांमागे एक असला तरी तो भाग डॉक्टरांच्या टंचाईचा मानला जातो. २०१० मध्ये त्यांनी ‘कोचेला व्हॅली हेल्थकेअर इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला, स्थानिक लोक आणि संस्था यांना एकत्र बसवून. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या खोऱ्यातल्या मुलांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम काढला. जवळच रिव्हरसाइडला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नवं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहत होतं, तिथे ज्येष्ठ सहयोगी अधिष्ठाता म्हणून काम केलं. या महाविद्यालयाची पहिली तुकडी २०१३ मध्ये आली. राज्यात चाळीसहून अधिक वर्षांनी सुरू झालेलं ते पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय.

खोऱ्यातला उपक्रम सुरू झाला त्याच वर्षी, १२ जानेवारी २०१० ला, हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. रुईझ तिथे गेले आणि अभिनेता शॉन पेन याने उभ्या केलेल्या मदत संस्थेचं वैद्यकीय काम त्यांनी सांभाळलं. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पेत्योंव्हिल भागातल्या एका क्लबच्या गोल्फ मैदानाच्या उतारावर पन्नास हजारांच्या आसपास लोक चादरी आणि ताडपत्र्या टाकून राहत होते. अशा छावणीत शस्त्रक्रिया हा कामाचा लहान भाग असतो. दर माणशी दिवसाला किती लिटर पाणी, किती माणसांमागे एक संडास, संडास आणि पाण्याचा नळ यांत किती अंतर, पोरांना किती कॅलरी: जगणं-मरणं या आकड्यांवर ठरतं. आपत्ती निवारणात हे किमान निकष ठरलेले आहेत आणि त्यांची घोकंपट्टी झालेली असते. अमेरिकी लष्कराच्या ८२ व्या एअरबोर्न तुकडीने या कामासाठी रुईझ यांना पदक दिलं. ते निकष पुढे एका वेगळ्याच ठिकाणी कामाला आले.

२०१२ मध्ये ते काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले, डेमोक्रॅटिक पक्षाकडून. समोर होत्या मेरी बोनो मॅक. गायक-खासदार सॉनी बोनो १९९८ च्या जानेवारीत स्कीइंगच्या अपघातात गेले, तेव्हापासून त्यांची जागा त्यांच्या पत्नीकडे होती. रुईझ नवखे. प्रचारात त्यांची १९९७ ची एक अटक उकरून काढली गेली: विद्यार्थीदशेत ते मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळनिवासींनी पाळलेल्या शोकदिनाच्या मोर्चात गेले होते, पोलिसांनी धरलं होतं, आरोप नंतर मागे घेतले गेले. ते ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी जिंकले. त्यानंतर आजवर ते हरलेले नाहीत. मतदारसंघाची हद्द आणि क्रमांक मात्र बदलले.

डॉक्टर राजकारणात गेला म्हणजे राजकारण सुधारतं, असं मी मानत नाही. आपल्याकडे आमदार-खासदार झालेल्या डॉक्टरांची काही कमी नाही, आणि त्यांच्या मतदारसंघातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची अवस्था आपण पाहतोच. आपत्कालीन वैद्यक कुणाला एका पक्षाचं करत नाही, हेही खरं. टेनेसीचे मार्क ग्रीन आपत्कालीन डॉक्टरच. २००३ च्या डिसेंबरात सद्दाम हुसेनला पकडणाऱ्या मोहिमेत ते लष्करी डॉक्टर म्हणून होते, आणि त्यांचं राजकारण रुईझ यांच्या अगदी उलट. जॉर्जियाचे रिच मॅककॉर्मिकही तसेच. लंडनच्या रोझेना अॅलिन-खान मजूर पक्षाच्या खासदार असूनही कोविडच्या लाटेत सेंट जॉर्जेस रुग्णालयात पाळी करायला जात होत्या. एकाच व्यवसायातली ही माणसं आरोग्यविम्यावर एकमेकांविरुद्ध मतं देतील. रुईझ यांच्यात जे वेगळं दिसतं ते असं, की त्यांचे चांगले कायदे एखाद्या रोग्यापासून सुरू झालेले आहेत.

सर्वांत मोठं उदाहरण धुराचं. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जायचा. प्लॅस्टिक, बॅटऱ्या, रंग, औषधांचा आणि दवाखान्याचा कचरा, मैला, मोडकी यंत्रं, सगळं एकत्र, वर विमानाचं इंधन ओतून. बगदादच्या उत्तरेला बलादच्या तळावरचा खड्डा काही एकरांचा होता. तंबूत झोपलेल्या सैनिकांच्या उशा काळ्या व्हायच्या. परतलेल्या तरण्याताठ्या माणसांना दमा, दुर्मिळ फुप्फुसविकार, कर्करोग होऊ लागले. माजी सैनिकांच्या खात्याकडे दावा केला की उत्तर यायचं: हा आजार त्या धुरामुळेच झाला हे सिद्ध करा. तीन-चतुर्थांशाहून अधिक दावे फेटाळले गेले. कुठल्या दिवशी कुठल्या खड्ड्यात काय जळालं याची नोंद कुणी ठेवली नव्हती, मग सैनिक सिद्ध काय करणार?

रुईझ यांच्या मतदारसंघातली एक तरुणी, वायुदलात इराकला जाऊन आलेली, दोन लहान मुलांची आई, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी पडली. घराण्यात हा आजार नव्हता, व्यसन नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी विषारी धुरात होता का? तेव्हा तिला खड्डे आठवले. तिने खासदाराला गाठलं. २०१७ च्या ऑक्टोबरात, चाळिशीही न गाठता, ती गेली. जाण्यापूर्वी तिने रुईझ यांच्याकडून या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचं वचन घेतलं होतं.

यानंतर रुईझ यांनी जो युक्तिवाद मांडला तो आपत्कालीन विभागातला आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर असं म्हणत नाही, की हृदयविकार आहे हे आधी सिद्ध करा, मग ईसीजी काढतो. धोका मोठा आणि संशय पुरेसा असेल, तर खात्री होण्याआधी हालचाल करावी लागते. वाट बघण्याची किंमत रोगी चुकवतो. त्यांनी हेच तत्त्व दाव्यांना लावलं. त्या मुलखात त्या काळात नोकरी केली आणि यादीतला आजार झाला, तर तो धुरामुळेच झाला असं सरकारने गृहीत धरावं. सिद्ध करण्याचा बोजा रोग्याच्या डोक्यावरून काढावा. २०१८ मध्ये त्यांनी रिपब्लिकन खासदार ब्रॅड वेनस्ट्रप यांच्याबरोबर या प्रश्नासाठी खासदारांचा गट केला. वेनस्ट्रपही डॉक्टर, पायांचे शल्यविशारद, आणि इराकला सैन्यातून जाऊन आलेले. २०२० मध्ये सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड यांच्यासोबत गृहीतकाचं विधेयक आणलं. ते पुढे मोठ्या ‘पॅक्ट’ कायद्यात सामावलं गेलं.

त्याचाही शेवट सरळ झाला नाही. २०२२ च्या जूनमध्ये सिनेटने तो ८४ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केला. तांत्रिक दुरुस्तीसाठी तो परत आला, तर जुलैअखेर तीच मंडळी आडवी आली आणि ५५ विरुद्ध ४२ वर तो अडकला. माजी सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर रात्रंदिवस बसून राहिले, आजारी माणसं, ऑगस्टच्या उकाड्यात आणि पावसात. विनोदवीर जॉन स्टुअर्ट त्यांच्यासोबत होता. २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११ ने मंजुरी मिळाली, १० ऑगस्टला सही झाली. २०२४ च्या मे महिन्यापर्यंत या कायद्याखाली दहा लाखांहून जास्त दावे मान्य झाले होते. दहा लाख! एक डॉक्टर आयुष्यभर पाळ्या करून जितके रोगी तपासेल त्याच्या कितीतरी पट. मला रुईझ यांची निवड पटते ती या आकड्यामुळे.

हैतीतले निकष कामाला आले ते मेक्सिकोच्या सीमेवर. ६ डिसेंबर २०१८ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या अँटिलोप वेल्स या एकाकी चौकीवर ग्वाटेमालातून आलेल्या मोठ्या घोळक्यात सात वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर होती. बस एकच, कित्येक तास थांबावं लागलं. बसमध्ये तिला उलट्या सुरू झाल्या. लॉर्ड्सबर्गच्या ठाण्यावर पोहोचेपर्यंत ताप ४१ अंशांच्या आसपास गेला होता. हेलिकॉप्टरने एल पासोला नेलं, पण ८ डिसेंबरला ती गेली. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. नाताळच्या आदल्या रात्री आणखी एक मुलगा, आठ वर्षांचा. रुईझ त्या डिसेंबरात लॉर्ड्सबर्गला इतर लॅटिनो खासदारांबरोबर गेले, आणि सीमेवरच्या कोठड्या त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिल्या. किती माणसं, किती संडास, हात धुवायला कुठे, अंगावर घ्यायला काय, पोरांना प्रथम कोण बघतं? विमानतळावर येणाऱ्या सामानाची जेवढी तपासणी होते तेवढीही त्या मुलांची होत नव्हती.

२०१९ मध्ये त्यांनी विधेयक मांडलं. ते वाचताना छावणीच्या नोंदवहीतली पानं वाचल्यासारखं वाटतं: आल्यापासून १२ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी, मुलांची आणि आजाऱ्यांची त्याहून लवकर, दर माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पिण्याचं पाणी, बारा पुरुषांमागे आणि आठ बायकांमागे एक संडास, पुरेसं अन्न, बाळांना लंगोट, अंघोळ. सीमा उघडी असावी की बंद, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तरीही प्रतिनिधिगृहात मतं जवळपास पक्षानुसारच पडली, २३३ विरुद्ध १९५. सिनेटने ते विचारातच घेतलं नाही. दर बारा पुरुषांमागे एक संडास असावा, यावरही जो देश दोन तट पाडतो, त्याच्या राजकारणाबद्दल काळजी वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि आपणही स्वतःला फार वेगळं समजू नये. करोनाच्या टाळेबंदीत आपल्या महामार्गांवरून चालत गेलेल्या मजुरांसाठी पाणी आणि संडास किती अंतरावर होते?

आता जिथे रुईझ यांच्याबाबत माझं मत डळमळतं, तिथे येतो. अमेरिकेत एक छळ असा होता, की माणूस आपल्या विम्यात बसणाऱ्या रुग्णालयात जायचा, पण तिथल्या आपत्कालीन विभागातला डॉक्टर बाहेरच्या कंपनीचा निघायचा. विमा कंपनी त्याचं पूर्ण बिल नाकारायची आणि महिन्याभराने हजारो डॉलरचं वेगळं बिल रोग्याच्या घरी. स्ट्रेचरवर पडलेला माणूस डॉक्टर निवडत नसतो. हे थांबलंच पाहिजे यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. भांडण पुढच्या प्रश्नावर होतं: रोग्याला बाजूला काढल्यावर डॉक्टरला किती मिळावं? विमा कंपन्यांचं म्हणणं, त्या भागातल्या करारातल्या दरांचा मध्य काढून तो द्यावा. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं, लवादाकडे जाऊ द्या. रुईझ लवादाच्या बाजूचे. त्यांनी रिपब्लिकन हृदयशल्यविशारद लॅरी बुकशॉन यांच्यासोबत २०१९ च्या जुलैमध्ये समितीत दुरुस्ती घडवून लवाद आत आणला. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

रोग्यांना संरक्षण मिळालं, हे मोठंच काम. पण लवादाचं जे झालं ते काळजीचं आहे. सरकारचा अंदाज होता वर्षाला १७ हजार प्रकरणांचा. २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांतच दोन लाख ऐंशी हजारांहून जास्त दाखल झाली. निकाल लागलेल्यांपैकी चारात तीनहून अधिक डॉक्टरांच्या बाजूने लागले. आणि दाखल करणारे बहुतेक कोण, तर आपत्कालीन डॉक्टर पुरवणाऱ्या मोजक्या बड्या कंपन्या, ज्यांच्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे. कायदा घडत असताना तो आपल्या सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतले होते. विमा कंपन्या डॉक्टरांना पिळतात हा रुईझ यांचा मुद्दा खोटा नाही. ग्रामीण रुग्णालयांना याचा फटका बसतो हेही खरं. पण रोग्याच्या बाजूने उभं राहताना त्यांची नजर जितकी स्वच्छ असते, तितकी आपल्याच व्यवसायाच्या उत्पन्नाचा प्रश्न आला तेव्हा राहिली, असं मला म्हणवत नाही. लवादात वाढलेला दर शेवटी विम्याच्या हप्त्यात उतरतो, आणि हप्ता तोच माणूस भरतो ज्याला आपण दारातून आत घेतलं होतं.

करोनाच्या काळात खोऱ्यातले शेतमजूर घरी बसू शकले नाहीत. द्राक्षं वेलीवर थांबत नाहीत. २०२१ च्या जानेवारीत मेक्का भागातल्या शेतांवरच लसीकरण सुरू झालं, रजा न घेता, मजुरी न बुडवता. रुईझ डॉक्टरचा पोशाख घालून स्वतः लस टोचायला उभे राहिले. त्या वेळी ते काँग्रेसमधल्या हिस्पॅनिक खासदारांच्या गटाचे अध्यक्षही होते. पुढे २०२३ मध्ये करोनाची चौकशी करणाऱ्या उपसमितीत आपल्या पक्षाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. समोर अध्यक्षस्थानी होते तेच वेनस्ट्रप. खड्ड्यांच्या धुरावर एकत्र लढलेले हे दोघं विषाणूच्या उगमावर आणि सरकारी शास्त्रज्ञांवर मात्र एकमेकांसमोर बसले.

खोऱ्याच्या टोकाला सॉल्टन सी आहे, १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचा कालवा फुटून भरलेलं खारं तळं. शहरांकडे पाणी वळवल्यापासून ते आटत चाललंय, आणि उघड्या पडलेल्या तळातली खतं-कीटकनाशकं मिसळलेली धूळ वाऱ्याने थर्मल-मेक्काच्या पोरांच्या छातीत जाते. दम्याचा झटका आलेलं मूल आपत्कालीन विभागात आलं की वाफ देऊन तासा-दोन तासांत हसतं-खेळतं करता येतं. तळ्याचं काम तसं होत नाही. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी २५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचं कबूल केलं. त्या मागणीच्या मागे रुईझ अनेक वर्षं होते. धूळ अजून उडते.

२०२५ च्या ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने गरिबांच्या आरोग्यविम्याला, मेडिकेडला, मोठी कात्री लावली. रुईझ यांनी विरोधात मत दिलं. महिन्याला ठरावीक तास काम केल्याचं सिद्ध केल्याशिवाय विमा नाही, अशी अट त्यात आहे. हंगामी मजुरी करणाऱ्या, आज या मळ्यावर तर उद्या त्या, माणसाने ते तास कुणाकडून लिहून आणायचे? कॅलिफोर्नियाने २०२४ पासून कागदपत्रं नसलेल्या सर्व वयाच्या प्रौढांना विमा खुला केला होता. पैशांची ओढाताण झाल्यावर राज्याने जानेवारी २०२६ पासून त्यांची नवी नोंदणी थांबवायचं ठरवलं. मेक्कातला साखरेचा आजार असलेला मजूर त्यामुळे नाहीसा होणार नाही. तो इन्सुलिन पुरवून पुरवून घेईल आणि रक्तात आम्ल वाढून श्वास लागला की रात्री-बेरात्री खोऱ्यातल्याच इंडिओच्या नाहीतर रँचो मिराजच्या आपत्कालीन विभागात आणला जाईल. १९८६ चा कायदा अजून जागेवर आहे. पाळीवरचा डॉक्टर त्याला आत घेईल, सलाइन लावेल, तासातासाला साखर तपासेल, आणि दोन-तीन दिवसांनी चिठ्ठी लिहून देईल, जिच्यावरची औषधं त्याला परवडणार नाहीत.